तांब्याचा शीतक : प्रक्रियकाची उष्णता जाते कोठे?

संगणकाच्या प्रक्रियकात खर्ची पडणारी जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णता होते. १९९३ साली आलेल्या पहिल्या पेंटियम प्रक्रियकात ती सुमारे १५ वॅट असे. आज ६५ वॅट ही साधी गोष्ट आहे. पूर्वीच्या ६० वॅटच्या दिव्याला हात लावता येत नसे. तेवढीच उष्णता येथे टपाल तिकिटाहून लहान अशा सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर काढावयाची असते.

हे काम भोपाळकरांना अपरिचित नाही. येथील भेल कारखान्यात मोठी विद्युत रोहित्रे तयार होतात. रोहित्राच्या गुंडाळ्यांची उष्णता तेल शोषून घेते, बाहेरच्या पात्यांकडे नेते आणि तेथून ती हवेच्या स्वाधीन होते. प्रक्रियकाच्या शीतकात तेलाचे हे काम तांबे करते.

तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० एकके, तर ॲल्युमिनियमची सुमारे २३५. मात्र तांबे शुद्धच हवे. जस्त मिसळून पितळ झाले की ही वाहकता साधारण एक तृतीयांशावर येते. शिवाय तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते. म्हणून अनेक शीतकांत तळपट्टी तांब्याची आणि पाती ॲल्युमिनियमची असतात.

बांधणीतील खरी कसोटी सांध्याची आहे. तळपट्टी डोळ्यांना गुळगुळीत दिसली, तरी तिच्या सूक्ष्म खळग्यांत हवा अडकते, आणि तांबे हवेपेक्षा सुमारे १५,००० पट चांगले वाहक आहे. म्हणून सपाट काचेवर पॉलिश कागद ठेवून तळपट्टी घासतात आणि उष्णतावाहक लेपाचा पातळ थर देतात. थर जाड झाला, तर तोच अडथळा ठरतो. काही शीतकांत तांब्याच्या बंद नळ्या असतात. त्यांतील थोडे पाणी कमी दाबामुळे सहज वाफ होते, पात्यांपाशी पुन्हा द्रवरूप होते आणि आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते.

तथापि तांबे उष्णता नाहीशी करीत नाही. ते तिला केवळ वाट देते. समजा, एखाद्या शीतकात दर वॅटमागे तापमान अर्ध्या अंशाने चढते. ६५ वॅटला ते ३२.५ अंशांनी चढेल. खोली २५ अंशांवर असल्यास प्रक्रियक ५७.५ अंशांवर राहील. मे महिन्यात भोपाळची खोली ४२ अंशांवर गेली, तर ७४.५ अंशांवर. केवळ हवेवर चालणारा कोणताही शीतक प्रक्रियकाला खोलीहून थंड करू शकत नाही. तापमान फार वाढले, की प्रक्रियक स्वतःच आपला वेग कमी करतो.

म्हणून उन्हाळ्यात यंत्र मंदावले, तर महागडा शीतक आणण्यापूर्वी पात्यांतील धूळ काढावी, वाळलेला लेप बदलावा आणि खोलीतील हवा खेळती आहे ना ते पाहावे. उत्तम धातूलाही अखेर आपले ओझे हवेच्याच हाती सोपवावे लागते.