आषाढातला सूर्यास्त

चौविहाराचा नियम आपल्या घरांतील मुले जन्मापासून पाहतात. पाहता पाहता तो अंगवळणी पडतो, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टीचे कारण सहसा कोणी विचारीत नाही. आम्हा मालवणात राहणाऱ्यांना मात्र हा नियम वर्षातून दोनदा, दोन निराळ्या रीतींनी पारखून घेतो.

दिवाळीपासून मेअखेरपर्यंत आमच्या बाजारपेठेचा हंगाम. सिंधुदुर्ग किल्ला पाहून, तारकर्लीच्या किनाऱ्यावरून परतलेला पर्यटक काजू, कोकम, मालवणी मसाला आणि खाजे घ्यावयास पेठेत शिरतो तो नेमका दिवेलागणीच्या सुमारास. घरात ताट वाढलेले असते तेव्हाच गल्ल्यासमोर गर्दी असते. वडिलांनी तो अर्धा तास आयुष्यभर सोडला, मीही सोडतो. परत गेलेल्या गिऱ्हाइकाची रक्कम रोजमेळात लिहिता येत नाही, पण व्यापाऱ्याच्या मनाला ती बरोबर ठाऊक असते.

मग पाऊस येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, किल्ल्याकडची जलवाहतूक थांबलेली, पेठ ओस. याच दिवसांत चातुर्मास बसतो. आता नियम पाळण्याने काहीच बुडत नाही. शिवाय सूर्यच दिसत नाही! उन्हाळ्यात तो समुद्रात उतरताना सारा गाव पाहतो. आषाढात दुपारी चारलाच अंधारून येते आणि सूर्यास्त पंचांगात शोधावा लागतो. हंगामात मला गादीवरून उठविणारी ती कलती उन्हे होती, हे मला अशाच एका पावसाळ्यात उमगले. आषाढात माझे मलाच उठावे लागते. मोहही पालटतो. हंगामात तो लोभाचा असतो, पावसात आळसाचा.

त्याच पावसाळ्यात बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ वाचले. जौनपुरात १५८६ साली जन्मलेल्या या जैन व्यापाऱ्याने १६४१ साली आपली पंचावन्न वर्षांची कहाणी पद्यात लिहिली. माणसाचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून ही अर्धी कथा. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून ते ओळखले जाते. त्यात बुडालेले व्यवहार आहेत, नऊ अपत्यांचे मृत्यू आहेत, आणि अखेरीस स्वतःचे गुण व दोष दोन्ही मांडलेले आहेत. क्रोध, मान, माया आपल्या ठायी टिकत नाहीत, धनाचा लोभ मात्र मोठा, असे तो सांगतो. एकांतात आपण नाचतो, हेही लिहून ठेवतो. (हे वाचल्यावर चारशे वर्षांपूर्वीचा तो गृहस्थ मला शेजारच्या दुकानातला वाटू लागला.)

जमा आणि नावे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तेव्हापासून चातुर्मासात रोजमेळाच्या शेवटच्या पानावर मी दोन रकाने आखतो. सायंकाळी कशाने रोखले ते नावे, कशाने उठविले ते जमा. पहिल्या वर्षाची जमेची बाजू वाचताना मी चपापलो. तेथे श्रद्धेपेक्षा ‘लोक काय म्हणतील’ हेच अधिक वेळा आले होते. नियम एकही दिवस मोडला नव्हता. तो कोणाच्या बळावर टिकला होता, एवढेच कळले.

चिरंजीवांचे म्हणणे, त्या अर्ध्या तासापुरता गल्ल्यावर माणूस ठेवावा. व्यवहार म्हणून ते योग्यच आहे. मी अद्याप होकार दिलेला नाही, आणि त्यामागे श्रद्धा किती व हट्ट किती, याची नोंद यंदाच्या पानावर चालू आहे. नारळी पौर्णिमा झाली की होड्या पाण्यात जातील आणि मागोमाग गिऱ्हाईकही येईल. शेजारचे गाबीत दुकानदार दरवर्षीप्रमाणे आमच्या पायरीवरच्या पाहुण्यांना सांगतील, “शेट जेवूक गेले हत, वायच बसा.”