दोरावरून बुद्धदर्शनास

हाँगकाँगच्या हद्दींत लांताउ नांवाचें एक मोठें डोंगराळ बेट आहे. त्यावरील न्गाँग पिंग या पठारावर १९०६ सालीं तीन बौद्ध भिक्षूंनीं एक लहानसा मठ स्थापिला. पुढें १९२४ सालीं त्यास पो लिन, म्हणजे 'मौल्यवान कमल', हें नांव मिळालें. त्या काळीं मठांत जावयाचें म्हणजे पायीं डोंगर चढावयाचा. आज तेंच अंतर सुमारें पंचवीस मिनिटांत आकाशांतून तोडतां येतें.

सप्टेंबर २००६ मध्यें सुरू झालेला हा दोरमार्ग तुंग चुंग या नगरापासून न्गाँग पिंगपर्यंत ५.७ किलोमीटर लांब आहे. प्रथम तो पाणी ओलांडून विमानतळाच्या बेटावर जातो. तेथें मोठें वळण घेऊन तो पुनः पाण्यावरून मागें येतो आणि मग डोंगर चढूं लागतो. बांधणीच्या वेळीं संरक्षित रानांतून रस्ते न फोडतां बरेंच सामान खेचरांच्या पाठीवरून वर नेण्यांत आलें.

या मार्गावर दोन प्रकारचे पोलादी दोर असतात. एक स्थिर असतो. डब्याचीं चाकें त्यावरून धांवतात व तोच भार पेलतो. दुसरा अखंड फिरत असतो. तो डब्यास ओढून नेतो. डब्याच्या माथ्यावरील पकड या फिरत्या दोरास घट्ट धरून ठेवते. डबा स्थानकांत शिरला कीं पकड सुटते, गति मंदावते आणि माणसें चढतात-उतरतात. बाहेर पडतांना पकड पुनः बसते. म्हणून दोर न थांबवितांहि प्रवाशांस सावकाश आंत बसतां येतें.

अर्थात् सारी भिस्त दोरावर व पकडीवर आहे. ११ जून २००७ रोजीं सायंकाळीं, वाहतूक बंद झाल्यावर चाचणी चालली असतां, एक रिकामा डबा सुटून खालीं कोसळला. कोणास इजा झाली नाहीं. परंतु मार्ग बंद करण्यांत आला आणि कसून तपासणी होऊन ३१ डिसेंबरलाच पुनः खुला झाला. २०१७ सालींहि दोर बदलण्यासाठीं तो कित्येक महिने बंद होता. यात्रेकरूंची अशी खोळंबा करणारी गैरसोयच त्यांच्या सुरक्षिततेची हमी होय.

वरच्या स्थानकापासून थोडें चालून गेलें कीं १९९३ सालीं पूर्ण झालेली, ३४ मीटर उंचीची कांशाची बुद्धमूर्ति समोर येते. तिच्या पायथ्यापासून २६८ पायऱ्या आहेत आणि बहुतेक यात्रेकरू त्या पायींच चढतात. मूर्तीचा उजवा हात अभयमुद्रेंत उभारलेला आहे. खोल दरीवरून अधांतरीं आलेल्या प्रवाशास त्या मुद्रेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. मात्र वाटेंतील त्याचें अभय दररोज दोर तपासणाऱ्या कामगारांच्या डोळ्यांत व हातांत असतें.