धाप लागते, म्हणून बसून राहावे का?

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत हा अवर्षणप्रवण तालुका. रब्बी ज्वारी हे येथील जुने पीक. मळणीच्या दिवसांत खळ्यावर धूळ उडते, आणि ज्या घरांत अजून चूल पेटते तेथे तुराट्या-गोवऱ्यांचा धूर कोंडतो. अशा धुरात तीस-चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या एखाद्या आजीला पुढे चार पावले चालले तरी धाप लागू लागते. विडी कधी न ओढताही! या विकाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. २०२१ साली जगात सुमारे ३५ लाख माणसे या रोगाने दगावली.

धाप लागली की घरची माणसे मायेने म्हणतात, "आजी, तू बस. आम्ही करतो." हे बरोबर आहे का? चला, एक प्रयोग करू. (दमा असणाऱ्यांनी तो करू नये, गरगरल्यास लगेच थांबावे.) शीतपेय पिण्याची एक नळी घ्या. श्वास नाकाने घ्या, पण सोडताना फक्त नळीतूनच सोडा. आता जागच्या जागी अर्धा मिनिट पावले टाका. काय जाणवले? आधीची हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास घ्यावासा वाटतो. सीओपीडीत श्वासनलिका अशाच अरुंद होतात आणि छातीत जुनी हवा साचत जाते. चूल जाऊन गॅस आला तर पुढचे नुकसान कमी होते. झालेले भरून येत नाही.

पण गोष्ट फुफ्फुसांपाशी संपत नाही. बसून राहिल्याने पायांचे स्नायू रोडावतात. अशा स्नायूंत थोड्याच श्रमाने लॅक्टिक आम्ल तयार होते. त्याचा परिणाम म्हणून रक्तात जादा कार्बन डायऑक्साइड येतो. तो बाहेर टाकण्यासाठी श्वास आणखी वाढवावा लागतो. म्हणजे धाप लागते म्हणून बसायचे, आणि बसल्याने धाप वाढायची! हे दुष्टचक्र तोडायचे कुठे? फुफ्फुसे पूर्ववत होत नाहीत, पण पाय मात्र पुन्हा बळकट होऊ शकतात. चक्र येथेच तोडता येते.

एके काळी डॉक्टरही अशा रुग्णांना विश्रांतीच सांगत. अमेरिकेतील डॉ. अल्व्हन बॅरॅक यांनी १९५२ च्या सुमारास व्यायामाची बाजू मांडली. आज तो उपचाराचा महत्त्वाचा भाग आहे.

मात्र "रोज चालत जा" एवढे सांगून कोणी चालू लागत नाही. त्यासाठी समुपदेशन, म्हणजे समजून घेणारा संवाद लागतो. युरोपातील सहा केंद्रांत एक पाहणी झाली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत रुग्णांना प्रथम त्यांची इच्छा, अडचणी आणि आवडीचे काम विचारले गेले. मग पावले मोजणारे यंत्र देऊन त्यांचे उद्दिष्ट हळूहळू वाढवले. बारा आठवड्यांनंतर, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत ते दिवसाला सुमारे १४७० पावले अधिक चालत होते.

हा संवाद घरीही करता येतो. आधी डॉक्टरांना विचारून घ्या. मग उपदेश न करता विचारा, "आजी, तुला कुठे जावेसे वाटते?" ती कदाचित म्हणेल, "गोदड महाराजांच्या देवळात." पुढे विचारा, "मग अडते कुठे?" "वाटेत दम कोंडला तर?" ही भीती खरी असते, तिला हसू नका. श्रमाने लागलेली धाप थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते, हे सांगा. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवा. त्याने साचलेली हवा बाहेर पडण्यास मदत होते.

पहिले तीन दिवस ती चालते तेवढीच पावले मोजा. नंतर शेजारच्या ओट्यापर्यंत, पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत. चालताना एखादे छोटे वाक्य बोलता आले पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करा. सकाळच्या गारव्यात निघा. छातीत दुखले किंवा ओठ निळे पडले तर थांबून डॉक्टरांना गाठा. औषधे चालूच ठेवायची.

दर रविवारी दिनदर्शिकेवरील आकडे दोघांनी मिळून पाहा. एखाद्या आठवड्यात ते घसरले तर रागावू नका, कारण विचारा. आणि पुढच्या वेळी "तू बस" म्हणण्याऐवजी म्हणा, "चल आजी, मी सोबत येतो."