आकड्यांचे वक्तृत्व

आवाज चढवून श्रोत्यांना हलवून सोडणे म्हणजे वक्तृत्व, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. शालेय स्पर्धांपासून निवडणुकीच्या सभांपर्यंत टाळ्या हेच भाषणाचे माप ठरते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर केलेले पहिले भाषण या मापाने मोजल्यास रुक्षच ठरेल. त्याचा बराचसा भाग आकड्यांनीच व्यापलेला होता.

प्रसंगही अनुकूल नव्हता. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती. मतदानाचा अधिकार दिला नव्हता. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते आणि बहुमत सरकारी सभासदांचे होते. सरकारने सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती व त्याबद्दल अभिनंदन चालले होते. ३५ वर्षांच्या गोखल्यांनी त्यात सामील होण्यास नकार दिला. दुष्काळाने गांजलेल्या देशात ही शिल्लक आली कोठून, असा त्यांचा सवाल होता.

उत्तर त्यांनी सरकारच्याच हिशेबातून काढले. विलायतेस पाठवावयाच्या रकमा पौंडांत असत. रुपयाचा भाव १३ पेन्सांच्या आसपास घसरला तेव्हा एका पौंडासाठी १८ रुपयांहून अधिक मोजावे लागत. तो १६ पेन्सांवर स्थिरावल्यावर १५ रुपये पुरू लागले. परंतु अडचणीच्या काळात वाढविलेले कर तसेच राहिले. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला होता, तो उतरला नाही. तेव्हा शिल्लक हे रयतेच्या भरभराटीचे लक्षण नसून जादा करांचे फळ होते.

ही मांडणी आयत्या वेळी सुचलेली नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली गोखल्यांना सरकारी अहवाल बारकाईने वाचण्याची शिस्त लागली होती. आकड्यांच्या कामी त्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य असे. हे जोशी म्हणजे 'सार्वजनिक काका' नव्हेत. ते सरकारी शाळेतील एक शिक्षक होते. व्यासपीठावर न दिसणाऱ्या अशा माणसांचा वाटा भाषणात केवढा असतो, याचा श्रोत्यांना सहसा पत्ता नसतो.

१९०३ मध्ये मिठावरील कर २ रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा ५०० वरून १००० रुपये झाली. करकपातीच्या या दोन्ही दिशा गोखल्यांनी आदल्या वर्षीच दाखविल्या होत्या. सारे श्रेय एका भाषणास देणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या सभागृहात मत देता येत नव्हते, तेथेही पुराव्याला वजन होते, हे नाकारता येणार नाही.

आज अंदाजपत्रके कोणालाही पाहावयास मिळतात, आणि नगरपालिकेच्या करापासून संस्थेच्या ताळेबंदापर्यंत प्रश्न विचारण्याचे प्रसंग शिक्षक-कारकुनांवरही येतात. अशा वेळी बोलण्यापूर्वी कागद वाचण्याचे कष्ट किती जण घेतात? टाळी सभा संपताच विरते. अचूक आकड्याला मात्र प्रतिपक्षाला उत्तर द्यावेच लागते.