हातातले घड्याळ आणि खिशातल्या फोनची बॅटरी



ऊस नोंदीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना आम्हास एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "साहेब, पोराने स्मार्ट घड्याळ घेऊन दिले, पण ते फोनला जोडल्यापासून फोनची बॅटरी टिकत नाही. घड्याळच खाते ना ती?"

प्रश्न उसाचा नाही म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लाईटीची पाळी रात्रीची असली की दारे धरायला रात्रीच जावे लागते. मोटार मोबाईल स्टार्टरवर, तोडणीचा निरोप फोनवर, २०२१ पासून ई-पीक पाहणीही फोनवर. त्यात कराड, पाटण, शिराळा भागात उसात बिबट्याचा वावर. अशा वेळी मध्यरात्री फोन बंद पडणे ही नुसती गैरसोय नव्हे.

प्रथम ढोबळ हिशेब पाहू. साध्या घड्याळाची बॅटरी साधारण ३०० मिलिअँपिअर-तासांची असते व पाचएक दिवस चालते. म्हणजे दिवसाचा खर्च ६०. तेवढ्यात त्याचा पडदा, नाडी मोजणे आणि फोनशी संपर्क, सगळेच भागते. फोनची बॅटरी ५,००० ची. संपर्क राखायला फोनलाही तेवढाच खर्च येतो असे धरले, तरी तो दिवसाला सव्वा टक्क्याच्या आतच बसतो.

याचे कारण असे, की २०१० साली ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीत कमी विजेवर चालणारी पद्धत आली. ही पद्धत ठिबकासारखी आहे. क्षणभर माहिती सोडायची आणि पुन्हा झोपी जायचे.

मग बॅटरी जाते कुठे? घड्याळावरूनच फोनवर बोलू लागलो, की ठिबक थांबून पाटपाणी सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या दहा गटांचे निरोप घड्याळावर घेतले, तर प्रत्येक निरोपामागे थोडा खर्च वाढतोच. अँड्रॉइडच्या सहा ते अकरा आवृत्त्यांत असे घड्याळ शोधायला लोकेशन चालू करावे लागे. ते तसेच राहिले, की इतर अ‍ॅपही त्यावर हात मारून घेतात. घड्याळ घरी ठेवून आपण रानात गेलो, तर काही अ‍ॅप त्याला शोधतच राहतात.

परंतु बहुधा खरे चोर दुसरेच असतात. एक फोनचा पडदा, दुसरी कमी रेंज. डोंगरकपारीतल्या रानात टॉवर गाठायला फोनला जास्त जोर लावावा लागतो. तिसरे कारण बॅटरीचे वय. तीन-चार वर्षांच्या फोनची बॅटरी थकलेली असते. तेव्हा घड्याळाला दोष देणे म्हणजे चौथ्या खोडव्याचे टनेज घटले म्हणून यंदाच्या युरियाला बोल लावणे होय. उलट वेळ पाहायला फोन उघडणे थांबले, तर घड्याळाने थोडी बचतही होते.

खात्री करायची तर, खताच्या प्रयोगात आपण एक पट्टा बिनखताचा ठेवतो, तसे करावे. दोन दिवस घड्याळ जोडून आणि दोन दिवस ब्लूटूथ बंद ठेवून फोन वापरावा. रान तेच, काम तेच. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी किती टक्के उरले ते लिहून ठेवावे. सेटिंगमधील 'बॅटरी' या भागात कोणत्या अ‍ॅपने किती खाल्ले तेही दिसते. घड्याळाचे अ‍ॅप वर आढळल्यास नको असलेले निरोप बंद करावेत आणि अ‍ॅप अद्ययावत करून घ्यावे.

फोन उन्हात, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवू नये. उष्णतेने लिथियमची बॅटरी लवकर खराब होते. रात्री पाण्याला जाताना फोन पूर्ण चार्ज करावा, सोबत कोणीतरी घ्यावे आणि उजेडाला विजेरी वेगळी बाळगावी. फोनची बॅटरी अडचणीच्या वेळच्या एका हाकेसाठी राखावी, अशी आमची सर्व सभासदांना आग्रहाची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी