टॅपेट की कनेक्टिंग?

जुन्या बुलेटवाल्याची झोप उडवणारा प्रश्न एकच. इंजिनातून येणारी ठकठक टॅपेटची की कनेक्टिंगची? टॅपेट असेल तर दोन पाने, थोडा वेळ आणि मिस्त्रीबरोबर एक चहा. कनेक्टिंग असेल तर इंजिन खाली उतरणार, केसिंग फुटणार, क्रँक प्रेसखाली जाणार आणि महिन्याचा हिशेब कोलमडणार. आवाज दोन्हीकडे धातूचाच, पण एक बहुतेक वेळा निरोगी आणि दुसरा इंजिनाच्या मरणाची पूर्वसूचना देणारा. हा फरक ओळखायचा कसा, या एका प्रश्नाने मला वर्षानुवर्षे झपाटले आहे. त्याचे उत्तर शोधायला कोलाडसारखी जागा नाही, असे माझे ठाम मत आहे.

कारण साधे आहे. मुंबईहून येणारी गाडी नागोठणे सोडले की सुकेळी खिंड चढते आणि मग खांबवरून कोलाडला पोचते. पुण्याहून येणारी मुळशी, ताम्हिणी करत विळ्याला उतरते आणि सुतारवाडीमार्गे त्याच नाक्यावर येते. कुंडलिकेतल्या राफ्टिंगसाठी भिऱ्याचे पाणी सकाळी सुटते. ते गाठायला पहाटे निघालेली पोरे इथे पोचतात तेव्हा इंजिन पुरते तापलेले असते, तेल पातळ झालेले असते आणि चढावर मोटारीने खरे ओझे ओढलेले असते. शहरातल्या गॅरेजात थंड इंजिनाला किक मारून, उभ्या गाडीला रेस देऊन जे कळत नाही, ते इथे कळते. आवाजाची खरी परीक्षा उष्णता आणि ओझे यांच्या हातात असते.

बुलेटचा इतिहास वाचकांना पाठ असेल, म्हणून धावतच सांगतो. स्प्रिंगच्या मागच्या सस्पेन्शनची ३५० बुलेट इंग्लंडमधल्या रेडिचला १९४९ साली विक्रीला आली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिरुवोट्टियूरला कारखाना निघाला. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला, मद्रासचा मात्र तेच इंजिन घडवत राहिला. बिडाच्या बोअरचे ते इंजिन आपल्याकडे थेट एकविसाव्या शतकापर्यंत टिकले. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, क्षमता ३४६ सीसी. म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला सरासरी ९ मीटर वेगाने खालीवर धावतो आणि दर फेरीत दोनदा थांबून उलटा फिरतो. अशा यंत्राने गप्प राहावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

निरोगी आवाजांची यादी मोठी आहे. सकाळच्या पहिल्या किकनंतर येणारी बोदी थपथप पिस्टनची असते. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे थंड पिस्टन बोअरमध्ये सैल असतो आणि तापला की नीट बसतो. दोन-चार किलोमीटरमध्ये ती थपथप विरली तर काळजी नको. उजवीकडच्या टायमिंग कव्हरमधली घरघर गिअरची असते आणि ती गाडीच्या जन्मापासून सोबत असते. डावीकडे, मंद रेसवर खडखड येऊन रेस वाढवताच थांबली, तर प्रायमरी चेन ढिली झाली आहे. साधारण ६ मिलिमीटर खेळ असायला हवा, तेवढा बघून घ्यावा. खिंड चढताना वरच्या गिअरमध्ये रेस पिळल्यावर बारीक दाणे सांडल्यासारखा आवाज आला, तर ते पिंकिंग. पॉइंटचे टायमिंग पुढे गेले आहे किंवा गिअर चुकीचा आहे. खालचा गिअर टाकावा, टायमिंग तपासावे आणि हे लांबणीवर टाकू नये, कारण पिंकिंग पिस्टन जाळते.

आता टॅपेट. कारखान्याच्या पुस्तिकेतली सूचना मला फार अर्थपूर्ण वाटते. इंजिन पूर्ण थंड असताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, सिलिंडरच्या बुडाशी असलेले झाकण काढायचे आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फटीचे माप जवळजवळ शून्य, आणि माप घेणारे साधन म्हणजे माणसाची बोटे. पुशरॉड वरखाली हलत असेल तर टॅपेट वाजणार. पण फिरतच नसेल तर? तर टॅपेट एकदम गप्प होईल, मालक खूश होईल, आणि व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण न टेकता जळत राहील. या एका गोष्टीमुळे माझे सगळे विचार पालटले. आवाज बंद झाला म्हणजे दुखणे गेले, हा समज बुलेटच्या बाबतीत घातक आहे. गिऱ्हाइकाच्या हट्टापायी टॅपेट आवळून देणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचे नुकसानच करत असतो.

आणि कनेक्टिंग. इथे मिस्त्री लोकांत जुने भांडण आहे, बुश की बेअरिंग? मूळ इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर नव्हते, फ्लोटिंग बुश होता. हा बुश ना रॉडला घट्ट असतो, ना क्रँकपिनला. दोघांच्या मधे तेलावर तरंगत तो स्वतःही फिरतो, आणि घर्षणाचा वेग आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन पृष्ठभागांत वाटला जातो. कल्पना देखणी आहे. स्फोटाचा दणका रुंद पृष्ठभागावर पसरतो, आवाज मऊ राहतो. अट एकच, स्वच्छ तेल अखंड मिळाले पाहिजे. ते तेल टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात शिरते, आणि त्या तोंडाशी बुचाचा एक छोटा सील असतो. क्षुल्लक किमतीची ही चकती झिजली किंवा कव्हर बसवताना चिरडली, तर तेल बुशापर्यंत जाण्याऐवजी वाटेतच गळते. बाहेर एक थेंब दिसत नाही, टाकीत तेल पुरेसे असते, आणि आत बुश कोरडा पडून खरवडत असतो.

रोलरवाल्यांचे म्हणणे असे, की रोलर बेअरिंग थोड्या तेलावरही जगते आणि सलग वेग सोसते. बुशवाले म्हणतात, मूळ रचनेला हात लावू नका. कोलाड परिसरात पाने हातात घेऊन म्हातारा झालेला एक मिस्त्री मला म्हणाला, ‘‘बुश वाईट नाय दादा, बुशाला उपाशी ठेवणारा वाईट.’’ मी त्याच्याच बाजूचा. ताशी पन्नास-साठने घाट चढणाऱ्या गाडीला, वेळेवर तेल बदलून आणि इंजिन उघडल्यावर बुचाचा सील न चुकता नवा टाकून, बुश उत्तम साथ देतो. पण एक गोष्ट रोलरवाल्यांच्या बाजूने मान्य केलीच पाहिजे. मुंबई-गोवा महामार्ग आता जिथे चौपदरी झाला आहे, तिथे नव्या गाड्यांच्या बरोबरीने धावायचा मोह होतो. चाळीसच्या दशकात आखलेल्या इंजिनाला तासभर सलग तो वेग देणार असाल, तर रोलर टाकणेच शहाणपणाचे.

कनेक्टिंगचा आवाज ओळखायची रीतही त्या मिस्त्रीने हाताने दाखवली. लांब पेचकसाचे टोक आधी रॉकर कव्हरवर, मग टायमिंग कव्हरवर, मग क्रँककेसवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. रेने लाएनेक या फ्रेंच डॉक्टराने १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. गॅरेजातला पेचकस त्याच जातीचा. टिकटिक वर मोठी आणि खाली बारीक असेल तर ती व्हॉल्व्हच्या बाजूची. मंद रेसवर क्रँकच्या सेकंदाला १० फेऱ्या होत असतील तर प्रत्येक व्हॉल्व्ह ५ वेळाच उघडतो, त्यामुळे हिचा ताल सायलेन्सरच्या ठोक्याशी जुळतो. कनेक्टिंगचा आवाज खोल आणि जड असतो. तो क्रँककेसवर मोठा होतो, गाडी तापल्यावर वाढतो, आणि चढावर रेस दिली की किंवा एकदम सोडली की ठळक ऐकू येतो. पेचकसाखाली तो तळहातालाही जाणवतो.

तेव्हा निवाडा असा. आवाज किती मोठा आहे यावरून इंजिनाची पारख करू नका. तो थंडपणी येतो की तापल्यावर, रिकाम्या रेसवर की ओझ्यावर, वरून येतो की खालून, आणि कालही होता की आज नवा आला, हे चार प्रश्न विचारा. थंडपणी येऊन विरणारा आवाज सोबतीला राहू द्या. तापल्यावर येऊन वाढत जाणारा खोल ठोका ऐकू आला, तर सुकेळी खिंड अर्धी राहिली असली तरी तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी टेम्पोत घाला. टेम्पोच्या भाड्यात क्रँक वाचते. ‘‘बघू, घरापर्यंत जाईल’’ म्हणणाऱ्याची वाचत नाही.