युद्धकाळ आणि संपाचा हक्क

भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर येथील साखर कारखान्यांत आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आपले कितीतरी बांधव कामाला आहेत. आम्ही बँकेत कारकुनी करणारेही संघटनेचेच सभासद. संपाची नोटीस, समेट, लवाद हे शब्द आपल्या कानांवर नेहमीच पडतात. ते कायद्यात आले कसे आणि त्यात युद्धाचा वाटा किती, याची माहिती मात्र फारशी कोणी देत नाही. ती थोडक्यात द्यावी म्हणून हा लेख.

सुरुवात युद्धाच्या एक वर्ष आधीची आहे. १९३८ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. समेटाची बोलणी संपण्यापूर्वी संप केला तर तो गुन्हा ठरणार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. काम सोडणे हा फार तर करारभंग होईल, तो गुन्हा कसा? आणि शिक्षेच्या धाकाने माणसाला कामावर ठेवणे ही गुलामगिरीच, असे त्यांचे म्हणणे होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. तरीही विधेयकाचा कायदा झालाच.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले. २ ऑक्टोबरला मुंबईच्या गिरणी कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ संप केला. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी मोठा संप झाला. धान्य महागले होते, गिरण्यांना मात्र मालाच्या मागणीने बरे दिवस आले होते. आज आमच्या पगारपत्रकावर महागाई भत्त्याचा जो रकाना दिसतो, तो अशा लढ्यांनी रुजवलेला आहे, मालकांच्या दयेने नव्हे.

सरकारने यावर वटहुकूम काढले. १९४० च्या वटहुकुमाने युद्धोपयोगी कारखान्यांतील तांत्रिक कामगाराला परवानगीवाचून नोकरी सोडता येईना. १९४१ च्या वटहुकुमाने अत्यावश्यक सेवांतील कामगारांवर तसेच बंधन आले. १९४२ साली भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम घातला गेला. त्यानुसार चौदा दिवसांच्या नोटिशीवाचून संप करण्यास बंदी आली आणि तंटा लवादाकडे गेला की संप बेकायदा ठरू लागला. यातली मेख अशी की, तंटा लवादाकडे पाठवायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होते. म्हणजे हातातले हत्यार गेले, पण न्याय मिळेलच याची हमी नव्हती.

विरोधही एकसंध राहिला नाही. रशियावर हल्ला झाल्यावर कम्युनिस्टांनी युद्धाला पाठिंबा दिला व संप टाळण्याचे धोरण धरले. रॉयवादी तर आधीपासूनच युद्धाच्या बाजूचे होते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आपल्या सभांतून त्यांच्या या कारकिर्दीचा गौरव होतो आणि तो यथार्थच आहे. सरकार, मालक व कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदा त्यांच्या काळात भरू लागल्या. संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये मांडले. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा कायदा १९४६ चा. पण ८१-अ हा नियमही त्याच काळात अमलात होता. कोळशाच्या टंचाईमुळे १९४३ मध्ये स्त्रियांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी उठवली गेली. स्त्री संघटनांनी विरोध केला आणि सभागृहात सरकारची बाजू बाबासाहेबांनाच मांडावी लागली. त्यांनी समान कामाला समान वेतनाचे तत्त्व तेथे आवर्जून सांगितले. १ फेब्रुवारी १९४६ पासून ती बंदी पुन्हा लागू झाली. आम्हांला वाटते, हाही इतिहास आपण लपवू नये. फॅसिझमचा पराभव ही त्यांच्या मते दलितांच्याही हिताची गोष्ट होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची अडचण कळते.

स्त्रियांवरची बंदी परत आली, पण कामगारांवरची बंधने गेली नाहीत. लवादाकडे तंटा पाठवण्याचा सरकारी अधिकार १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कायमचा शिरला. १९३८ च्या कायद्याची जागा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली आणि आपल्याकडच्या साखर कामगारांचे तंटे पुढे त्याच चौकटीत चालले.

१९७१ चे युद्ध तर डिसेंबरमध्ये दोन आठवड्यांत संपले, पण त्या वेळची आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत उठली नाही. मे १९७४ च्या रेल्वे संपात भारत संरक्षण नियम वापरूनच कामगारांना पकडण्यात आले. तेव्हा देशात युद्ध कोठे होते? ज्यांचे आप्त दौंडला रेल्वेत होते, त्यांनी तो काळ घरातच पाहिला असेल.

१९४७ च्या कायद्यात नोटिशीची अट फक्त लोकोपयोगी सेवांना होती. बँकाही तशा जाहीर केल्या जात, म्हणून आम्हांला ती परिचयाची. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागते. समेटाची बोलणी सुरू असताना व ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. तेव्हा औद्योगिक वसाहतीतील बांधवांनी नोटीस देताना तिची पोच तारखेसह जपून ठेवावी.